काकाचा डावा डोळा

आमच्या चौकात गाड्या दुरुस्त करणाऱ्या काकाची नक्कल मी झकास करतो. मान वाकडी करायची, तंबाखूचा खर्रा गालात सरकवायचा आन् म्हणायचं, "मले सकाळीच वाटलं होतं बाप्पा!" पोट्टे हसून हसून लोळतात.

काकाले सगळं आधीच समजते, पण सांगते ते झाल्यावर. मागं माझ्या दोस्ताच्या गाडीची चेन त्यानंच बसवून देल्ली. कारध्याच्या पुढं ती निंगाली आन् दोस्त गाडीसकट धानाच्या बांधीत. चिखलानं माखून परत आला, तर काका म्हणते, "डावा डोळा फडकतच होता ना माझा."

"मंग सांगतलं काहून नाही?" दोस्त भडकला.

"होनी का सांगून टळते?"

होनी कायची? चेनचं लॉक बसवाचंच राहिलं होतं. ते काकाच्याच डब्यात सापडलं.

परवा मी आईले घेऊन एकोडीले मामाकडं निघालो होतो. काकानं ब्रेक कसला, चाबी हातात देल्ली आन् डोळा चोळत म्हणते, "सांभाळून जाजो बाबू. डोळा फडकून राहिला."

मागं बसलेल्या आईचं तोंडच उतरलं. "राहू दे रे, आज नको जाऊ."

मी म्हटलं, "आई, तू उतर. काका, तुम्ही बसा मागं. पुलावरून एक चक्कर मारून येऊ."

काकानं खर्रा थुंकला. मंग पाना घेऊन खाली बसला आन् ब्रेकचा नट पुन्हा चांगला आवळला.

"आता?" मी विचारलं.

"आता थांबला बाप्पा फडकाचा."