चौतिसाव्या मजल्यावरून आरोळी

आमच्या आसेगावात छपरावर चढायचं असलं की आधी आरोळी द्यावी लागते. कवेलू, म्हणजे कौलं, फिरवायचे असोत की स्लॅबवर कुरड्या घालायच्या असोत, शिडीला हात लावतानाच ओरडायचं, "वर चढून राह्यलो होऽऽ!" कारण शेजारच्या अंगणातल्या न्हाणीला भिंती असतात, छप्पर नसतं. आत कोणी बाई अंघोळीला बसली असेल तर ती सावध होते. न ओरडता चढणाऱ्याला आमच्याकडे माणसात धरत नाहीत.

तर मागच्या वर्षी मी मुंबईला लेकीकडे गेले. तिची इमारत चौतीस मजल्यांची. निघताना जाऊबाईनं टोमणा मारलाच, "शिडीवर तुहे पाय लटलट करतेत, अन् तू मुंबई वरून पाह्यशीन? फोटो आन, मंग मानतो." झालं! आता फोटोशिवाय गावात तोंड दाखवायची सोय नव्हती. फोटो पण असा पाहिजे की मी आणि मुंबई दोघी एकात.

परतायच्या दिवशी सकाळी नात मला गच्चीवर घेऊन गेली. कठड्यापाशी जाऊन पाहते तर काय बाई, खाली गच्च्याच गच्च्या! सवयीनं तोंडातून निघूनच गेलं, तेही वावरातल्या आवाजात, "वर चढलो होऽऽ बायाहो!"

"आजी, अगं कोणाला सांगतेस?" नात पोट धरून खाली बसली.

"ज्या अंघोळीले बसल्या असतीन त्यायले!"

तेवढ्यात गच्चीच्या दाराशी बसलेला वॉचमन धावत आला. त्याला एवढंच ऐकू गेलं होतं, "चढलो." त्याला वाटलं, म्हातारी कठड्यावर चढली. त्यानं माझं मनगट गच्च धरलं. "मावशी, घरात काही भांडण झालं असेल तर आपण मिटवू!"

"अरे बाबा, मी पाहाले आली, उडी माराले नाई."

"हो हो," तो म्हणाला, पण हात काही सोडेना.

मग तशीच पाहिली मी मुंबई, एक हात त्याच्याकडे ठेवून. समुद्र म्हणजे नुकतं वखरलेलं वावर, मधात एक झाड नाही. गाड्या सांडलेल्या मोहरीसारख्या. आणि एवढ्या गच्च्या, पण एकीवर कुरडई म्हणून नाही! इतकं ऊन फुकट चाललेलं पाहून जीव हळहळला. मोकळ्या हातानं मी पाच-सहा फोटो काढले. सगळ्यांत माझा अंगठा आला, मुंबई अंगठ्याच्या मागे. शेवटी नातीनं काढला तो एकच फोटो नीट आला. मी, मुंबई आणि वॉचमन.

गावी आल्या आल्या जाऊबाईनं फोटो पाहिला. समुद्राकडे ढुंकूनही नाही.

"हा बाप्या कोन होय?"

"वॉचमन होय."

"अन् हात कायले धरला त्यानं?" मग तिचं तिलाच सुचलं, टाळीच वाजवली. "पाय लटलट करत असतीन! मानसाच्या आधारानं उभी राह्यली, हे काय चढनं झालं का?"

जिंकलेली बाजी हातची चालली. मी म्हटलं, "त्यानं मले नाई धरलं वो. मी धरलं त्याले. भेला होता बिचारा."

तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. एकदा माझं तोंड पाहिलं, हसून फुललेलं. एकदा वॉचमनचं पाहिलं. तो घामानं चिंब, डोळे पांढरे, ओठ सुकलेले.

"हो वं माय," जाऊबाई हळहळली. "बरं झालं तू होती तिथं."