चाल बसवणारा

निर्मलावहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना टँकरनं मागून ठोकलं... तुम्ही या." मी विचारलं, "कुठल्या हॉस्पिटलात?" त्यांनी फोन ठेवला, आणि मग मला कळलं. अर्ध्या गालावरचा साबण तसाच ठेवून मी अल हिलाल भागातल्या वसंताच्या घरापर्यंत गाडी हाकली. वाटेभर डोक्यात एकच शब्द होता : मागून. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. दिवसकार्य झालं, माणसं भेटून गेली, कंपनीच्या शोकसभेत वसंताचं नाव तीन प्रकारे चुकीचं उच्चारून झालं. तरी तो शब्द काही माझ्या गळी उतरत नाही. वसंता बोरकुटेच्या मागून कुणी यावं आणि त्याला कळू नये...

वसंता चंद्रपूरकडचा. वडील जंगल खात्यात, त्यामुळे बाराखडीच्या आधी तो खुरांचे ठसे वाचायला शिकलेला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो पंपांचा इंजिनिअर म्हणून दोह्याला आला. त्याच कंपनीत मी इंजिनिअरांचं इंग्रजी दुरुस्त करायच्या नोकरीवर होतो. मी पुण्याचा म्हणून त्यानं पहिल्याच दिवशी माझं नाव 'पंत' ठेवलं. कुणाच्या घरी गेला की तो आधी दार कुठं, खिडकी कुठं, वारा कुठून येतो ते बघायचा आणि मग बसायचा. आणि एकदा बसलेल्या जागी पुढच्या खेपेला कधीच बसायचा नाही. "एकाच जागी बसणारा नर म्हातारा होत नाही, पंत," असं तो गंभीरपणे सांगायचा. माझ्या मुलीनं त्याचा खेळच केला होता. तो आला की ओरडायची, "राँग चेअर, काका!" आणि तो मुकाट उठून तिसरीकडे बसायचा.

दुखानच्या रस्त्याला एका फार्मवर आमच्या कंपनीनं विहिरीचे पंप बसवले होते. तिथं वसंताला एक रीम दिसलं. रीम म्हणजे आपल्या चिंकाऱ्याचं वाळवंटातलं फिकट भावंड. हा नर वयस्क, एकटा, एका शिंगाचं टोक मोडलेला. वसंतानं त्याचं नाव नाना ठेवलं आणि त्याची चाल बसवायला घेतली. हा त्याचाच शब्द. आमच्याकडे चाल बसवतात ती गाण्याला. वसंता जनावराला बसवायचा. दर शुक्रवारी आम्ही निघायचो, तो दुर्बीण घेऊन, मी थर्मास आणि पुस्तक घेऊन. नाना एका बाभळीखाली ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतो. उत्तरेचा वारा असला की उंचवट्याच्या आडानं येतो. दमट वारा सुटला की खोलगट जागेत पडून राहतो आणि कितीही वाट बघा, येत नाही. हे सगळं वसंतानं वाळूवर ओणवं होऊन गोळा केलं. मी एकदा विचारलं, "अरे, मग बंदूक कधी?" तर म्हणाला, "बंदूक म्हणजे नुसती टाळी हो, पंत. समेवर पडली म्हणजे झालं."

फार्मचे मालक साठीचे, मोकळ्या मनाचे. पण त्यांचा पुतण्या शिकारीला निघाला की लग्नाची वरात निघाल्यासारखं वाटे : गाड्यांचा ताफा, गालिचे, ससाणे, ससाणे सांभाळणारी माणसं आणि त्या माणसांना चहा देणारी माणसं. रीम दिसलं की गाड्या मागे लागायच्या. ते धावून धावून तोंडाला फेस येऊन पडलं, की मग कुणीतरी शूरासारखं खाली उतरायचं. नानाची बातमी पुतण्याला लागली तेव्हा वसंता सरळ मालकांकडे गेला आणि म्हणाला, मला एक रायफल द्या, हा मी पायी मारतो. मालक हसले. "पैदल? रीम पैदल नहीं मिलता, बोरकुत. दो जुमा देता हूं. बाद में गाड़ी जायेगा. खलास."

परतताना मी त्याला म्हटलं, तुला एवढा जिव्हाळा आहे तर मारतोस कशाला? तो म्हणाला, "वाचत तर तो नाहीच. मरायचंच आहे तर त्याला कळायच्या आत मरू दे. पळवून पळवून नाही."

पहिला शुक्रवार नेमका नरकचतुर्दशीचा निघाला. वसंता पहाटे बूट घालत होता, तर वहिनी उटण्याची वाटी घेऊन दारात उभ्या. "नरकात जायचं तर आंघोळ करून जा," म्हणाल्या. चंद्रपूरहून आलेलं उटणं, सुगंधी तेल, सगळं साग्रसंगीत झालं. मग आम्ही फार्मवर गेलो, वाळूत पालथे पडलो, नाना उंचवट्याच्या आडून ठरल्याप्रमाणे आला, आणि वारा क्षणभर फिरला. नानानं मान वर केली, पुढचा पाय आपटला आणि नाहीसा झाला. वसंतानं सावकाश स्वतःचं कोपर हुंगलं. "ना बाप्पा," तो म्हणाला, "गवला-कचोरा..." सगळ्या कंपनीला वाऱ्यावर व्याख्यानं देणारा हा माणूस. मी हसून हसून पुस्तकावर चहा सांडला. तो हसला नाही. आता एकच शुक्रवार उरला होता.

त्या आठवड्यात त्यानं साबणाला हात लावला नाही. शिकारीचा शर्ट फार्मवरच्या शेळ्यांच्या गोठ्यात टांगून ठेवला. वहिनींनी त्याचं अंथरूण बाल्कनीत घातलं, ऑफिसात लोक टेबलं सरकवू लागले. पुढच्या शुक्रवारी वारा सरळ तोंडावर होता. नाना आला, बाभळीखालच्या आपल्या जागी उभा राहिला, आमच्याकडे कूस करून वळला. एकच बार झाला, आणि तो जागच्या जागी बसला. तोंडातली काडी तोंडातच होती. फार्मचा राखणदार सुरी घेऊन धावला, त्यानं बिस्मिल्ला म्हटलं. वसंता शेजारी बसून नानाच्या डोळ्यावरची वाळू बोटानं पुसत होता. मला वाटलं होतं, तो खूश असेल. "चाल चुकला नाही, म्हणून गेला," एवढंच म्हणाला. थोड्या वेळानं ताफा आला, गालिचा अंथरला गेला आणि पुतण्याचा नानाबरोबर फोटो निघाला. तो पुढं कित्येक वर्षं त्यांच्या बैठकीत टांगलेला होता. फोटोच्या कडेला वसंताचा एक बूट आलेला आहे.

गेल्या वर्षी वसंताच्या छातीत दुखलं. डॉक्टरनं चालायला सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "रोज एकच रस्ता धरा, म्हणजे उशीर झाला तर कुठं शोधायचं ते मला कळेल." आणि जन्मभर रस्ते बदलणाऱ्या या माणसानं ते ऐकलं. घर, मशीद, किराणा, मागची गल्ली, घर. त्याच गल्लीत रोज सकाळी पाण्याचा टँकर रिव्हर्स घेत मागे मागे येत असे. हॉस्पिटलात डॉक्टर मला धीर देण्यासाठी म्हणाले, त्यांना काही कळायच्या आतच झालं असणार.

मग तेराव्याला वहिनी बोलता बोलता म्हणून गेल्या, "डाव्या कानानं वर्षभर ऐकूच येत नव्हतं ना ह्यांना... तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

घरी आल्यावर मी हे सांगितलं, तर माझी मुलगी मान हलवून म्हणाली, "दॅट्स व्हाय, बाबा. काका तर आता ऑलवेज तिथंच बसायचे." तिनं बोट दाखवलं. भिंतीकडेची वेताची खुर्ची. डावा हात भिंतीला लागलेला, उजवा आमच्याकडे. वर्षभर... आणि मी समोर बसून त्याला चहा देत होतो.

काल दुपारी घरात कुणी नव्हतं. मी त्या खुर्चीत जाऊन बसलो आणि डाव्या कानात बोट घातलं. एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती. आमच्या गल्लीतही पाण्याचा टँकर येतो. तो आलेला मला कळला, तेव्हा त्याचा मागचा भाग खिडकीभर झाला होता.