पोटातल्या पाण्याचा रिपोर्ट

"पोट खाली करायचं हाय. तारीख द्या," आबा म्हणाले आणि त्यांनी रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला.

गर्भपाताची तारीख देणं माझं काम नव्हे. मी बारामतीच्या एका हॉस्पिटलमध्ये मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. जंतू ओळखायचे आणि रिपोर्टवर सही करायची, एवढीच माझी नोकरी. पण आमच्या गायनॅकॉलॉजिस्ट मॅडमनी त्यांना रिपोर्ट समजून घ्यायला मुद्दाम माझ्याकडे पाठवलं होतं. आबांसोबत त्यांची सून होती, रेखा. जवळच्या सणसर गावची माणसं. पूर्वी मेंढरांमागे फिरणारं घर, आता ऊस. तरी गोठ्यात चार मेंढ्या अजून आहेत. रेखाचे आधीचे दोन गर्भ टिकले नव्हते. या खेपेला पाचवा महिना लागला होता.

रिपोर्टवर टॉक्सोप्लाझ्माच्या दोन्ही प्रकारच्या अँटिबॉडी पॉझिटिव्ह होत्या. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी, म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात घर करून जगणारा जीव. मांजरांमुळे पसरतो, कच्च्या मटणातून येतो, गाभडलेल्या, म्हणजे गर्भ पडलेल्या मेंढीच्या वारेतूनही येऊ शकतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. पण गरोदरपणात नव्याने झाला आणि बाळापर्यंत पोचला, तर बाळाच्या डोळ्यांना आणि मेंदूला धोका असतो. मूल आंधळं होणार, असं गावात कुणीतरी सांगून मोकळं झालं होतं.

मी त्यांना म्हटलं, अँटिबॉडी म्हणजे शेतात उमटलेलं पाऊल. जनावर येऊन गेलं एवढं कळतं. कधी आलं, बाळापर्यंत गेलं का, हे कळत नाही. संसर्ग जुना की ताजा हे सांगणारी रक्ताची आणखी एक टेस्ट असते, ती करून झाली होती आणि तिचं उत्तर अधलंमधलं आलं होतं. उरली पीसीआर. बाळाभोवतीचं थोडं पाणी सुईने काढायचं आणि त्यात त्या परजीवीचा डीएनए शोधायचा. अगदी किंचित असला तरी मशीन त्याच्या प्रतींवर प्रती काढत जातं, आणि मग तो दिसतो.

"सुई बाळाला लागली म्हंजी?" रेखाने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

सोनोग्राफीवर बघत बघत टोचतात, धोका थोडा असतो पण अजिबात नाही असं नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली,

"काढा पाणी."

आबा उठून बाहेर गेले. मला त्यांचा संताप आला. सुनेच्या पोटाचा निकाल सासऱ्याने परस्पर लावायचा, हे कुठलं?

पाणी काढलं. रेखाला गोळ्या आधीच सुरू केल्या होत्या. आमची टेक्निशियन खुशीत सांगत आली, "मॅडम, निगेटिव्ह." मी स्क्रीन पाहिली आणि नकारार्थी मान हलवली. प्रत्येक टेस्टमध्ये आम्ही एक ठरलेला डीएनए मुद्दाम घालतो. त्याला इंटर्नल कंट्रोल म्हणतात. तो दिसला, तर टेस्ट चालली असं समजायचं. इथे तोही दिसला नव्हता. सॅम्पलमध्ये थोडं रक्त उतरलं होतं आणि त्याने बहुधा टेस्टच अडवली होती. अशा निगेटिव्हला काही अर्थ नाही. सॅम्पल पातळ करून पुन्हा लावायला सांगितलं.

आबा बाहेर बाकावर बसले होते. अजून थांबावं लागेल म्हटल्यावर त्यांनी मला शेजारी बसायची खूण केली.

"म्याडम, मेंढी अडली हुती. पिलू आतच मेलं हुतं. हिचं हात बारीक, म्हून म्याच हिला बोलवलं काढाया." त्यांच्या घरात ही रीतच आहे. पिल्लू अडलं की ज्या बाईचे हात लहान, तिला हाक मारायची. तेव्हा रेखाला दिवस गेले होते, पण कुणाला ठाऊक नव्हतं. "तिकडच्या म्याडमनी मेंढीचं नाव काढलं आन् मला त्योच दिस आठवला. पोरगं आंधळं झालं, तर रोज माझ्याम्होरं चाचपडत फिरंल. मला न्हाय बघवायचं."

माझा राग कुठच्या कुठे गेला.

दुसऱ्या खेपेला कंट्रोल छान वर आला आणि टॉक्सोप्लाझ्माची रेघ शेवटपर्यंत सपाट राहिली. मी दोघांना आत बोलावलं. बाळाभोवतीच्या पाण्यात परजीवी सापडला नाही, म्हटलं. शंभर टक्के हमी कुठलीच टेस्ट देत नाही, सोनोग्राफी चालू ठेवू, जन्मल्यावर बाळाचं रक्त तपासू. पण पोट खाली करायचं कारण मला दिसत नाही.

आबांनी विचारलं, "म्हंजी हिला जे झालं, ते माझ्यामुळं न्हाय?"

रेखाला संसर्ग त्या मेंढीपासून झाला की आणखी कशाने, हे कुठलंही मशीन सांगत नाही. मी तसं सांगणार, तेवढ्यात रेखा म्हणाली, "आबा, मेंढी अडली हुती. तुमी बोलवलं नसतं तरी मी आलीच असती."

आबांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. रेखा उठून त्यांच्याजवळ उभी राहिली. मी स्क्रीनवर काहीतरी वाचत असल्यासारखं केलं, पण माझेही डोळे भरले होते.

पुढे मुलगी झाली. तिचं रक्त आम्ही तपासत राहिलो, डोळेही तपासून घेतले. सगळं ठीक आहे.

आता अशी टेस्ट लावण्याआधी मी माणसाला विचारते, तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटतेय? निम्म्या वेळा त्या भीतीची टेस्ट आमच्याकडे नसते. तरी विचारते.