न मोडलेला हात

गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या बाईला बाजारात सगळे ताईच म्हणत, तिच्याहून वयानं मोठे पुरुषसुद्धा. शटरच्या एका खोलीत तिचं जाड सुईचं मशीन, फोमचे तक्ते आणि रेक्झिनचे गुंडाळे. खोलीच्या पाठीला पाठ लावून धाकट्या भावाचं गॅरेज. लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "लोकांना बसायला जागा करण्यातच वेळ गेला."

त्यांचे वडील मोजणी खात्याच्या जीपवर ड्रायव्हर होते. खात्यानं ती जीप लिलावात काढली तेव्हा त्यांनीच ती घेतली आणि जाताना दोन्ही लेकरांच्या नावावर करून गेले. गाडी चालवायला दोघांना त्यांनीच शिकवलं. धाकट्याला म्हणायचे, "अरे, ताईचा पाय क्लचवर असतो, तुझा गाडीच्या नरड्यावर." सगळे हसायचे. धाकटाही हसायचा.

डोंगरापलीकडे जाणारी एक जुनी खिंड होती. दगडगोटे, दोन ओढे आणि मध्ये उभा चढ. गावातला जीपवाल्यांचा क्लब वर्षातून एकदा तिथून गाड्या काढायचा. वडिलांनी नोकरीत असताना ती वाट पार केली होती. एक दिवस ताई म्हणाली, "आपणही जाऊ या. चारही चाकांना जोर देणारी गाडी दारात आहे आणि आपण तिच्यावर भाजी आणतोय."

मग दोघं कामाला लागली. स्प्रिंगचे जुने पाटे काढून जाड पाटे घातले, गाडी वीतभर उचलली. मोठे टायर चढवले तर वळणावर ते पत्र्याला घासायला लागले, तेव्हा धाकट्यानं ग्राइंडर घेऊन मडगार्ड कापले. पोटाखाली इंजिन आणि गिअरबॉक्स वाचावेत म्हणून लोखंडी पत्रा ठोकला. ओढ्याचं पाणी इंजिनात जाऊ नये म्हणून हवेची नळी टपापर्यंत वर नेली. गाडी रुतली तर ओढून काढायला पुढे तारेची विंच बसवली. ताईनं सीटा उसवून नव्या केल्या, दोन्ही बाजूंनी कुशी वर उचललेल्या, उतारावर माणूस घसरू नये अशा. चाचणीसाठी गाडी काढणार तेवढ्यात ताई खाली वाकली आणि ओरडली, "थांब! गाडी उचललीस, पण ब्रेकच्या नळ्या जुन्याच. बघ कशा ताणल्यात." धाकट्यानं कपाळाला हात लावला. "ताई, तू नसतीस तर दरीतच गेलो असतो."

ठरलं होतं की ती चालवणार आणि हा पुढे उतरून दगड बघत हातानं दिशा दाखवणार. खदानीमागच्या चढावर त्यांनी तसा सराव केला. चढावर बॉनेटपलीकडे आभाळच दिसतं, चाकाखाली काय आहे ते कळत नाही. धाकट्याचा हात डावीकडे गेला की ती डावीकडे वळायची. कशाला, असं तिनं कधी विचारलं नाही.

निघायच्या आठवड्यात धाकटा म्हणाला, "क्लबनं बेत पुढे ढकललाय. खिंडीत दरड आलीय." मग म्हणाला, रविवारी गाडी चाकं जुळवायला मित्राकडे नेतो. ताईनं मान हलवली. तेवढ्या वेळात राहिलेल्या कामांना हात घातला.

मंगळवारी गुरांचा डॉक्टर दुकानात आला. हा त्याच क्लबातला. फाटकी सीट खांद्यावरून उतरवत म्हणाला, "ताई, तुम्ही कशाला मशीनवर बसलात? हात कसा आहे?"

"कुठला हात?"

"उजवा. मोडला ना तुमचा? भाऊ म्हणाला, म्हणून त्यालाच चालवावी लागली. पण गाडी काय केलीय हो त्यानं! खिंडीत सगळे बघत राहिले. ब्रेकच्या नळ्यासुद्धा ध्यानात ठेवून लांब घातल्या म्हणे."

ताईनं उजव्या हातानंच सीट उचलून बाजूला ठेवली. डॉक्टर गोंधळला. "मी काही चुकीचं बोललो का?"

"नाही. शुक्रवारी या."

ती मागच्या गॅरेजात गेली. जीप धुऊन चकचकीत उभी होती. जन्मात गाडी न धुणारा माणूस! ती पुठ्ठा टाकून खाली सरकली. वरून आंघोळ, पण पोटाखाली चिखल तसाच आणि पत्र्यावर दगडाचे लांब ताजे ओरखडे. ती तशीच पडून राहिली. वर धाकट्याचे बूट आले.

"ताई, काय शोधतेस?"

"माझा मोडलेला हात."

तो उकिडवा बसला. मग म्हणाला, "बहीण चालवते आणि हा हात हलवत पुढे चालतो, असं म्हणायचे क्लबातले. मलाही एकदा वाटलं..."

"मग मागायचं होतंस. मी दिली असती रे किल्ली. हसत दिली असती." ती सरकत बाहेर आली. "बाहेरच्यानं फसवलं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. तू तर केसानं गळा कापलास."

संध्याकाळी घरी आईनं दोघांच्या मध्ये पडून पाहिलं. "सख्खा आहे गं, पोटात घाल."

"आई, घातलं असतं. पण दुखणं खोटं सांगताना त्याला माझा हातच मोडायचं सुचलं. ज्यावर मी जगते तो."

जीपच्या कागदांवरून तिनं आपलं नाव काढून टाकलं. धाकटा नको नको म्हणत राहिला, पण सही तिनं केली. डॉक्टरला मात्र तिनं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय. पुढच्या वर्षी माझी गाडी चालवा, मला तो चढ जमत नाही." पुढच्या वर्षी ती खरंच खिंडीतून गेली. पण उभ्या चढावर डॉक्टरनं पुढे उतरून हातानं दिशा दाखवली तरी तिनं गाडी थांबवली, स्वतः उतरून प्रत्येक दगड पाहिला, मग चाक टाकलं. मागे रांग लागली, लोक हॉर्न वाजवत राहिले.

त्यानंतर काही दिवसांनी धाकटा दुकानात आला. कुणा गिऱ्हाइकाची उसवलेली सीट घेऊन दारातच उभा राहिला. ताईनं मशीन थांबवलं, स्टूल पुढे सरकवलं.

"या, बसा. कधीपर्यंत हवीय?"

त्याचा चेहरा उतरला. "ताई, मला अहो-जाहो करतेस?"

"गिऱ्हाइकाला करतेच मी," ती म्हणाली आणि टेप घेऊन सीट मोजायला लागली.