परळच्या बर्फात राग्नाबाई

बर्फ बघायला लोक मनालीला जातात. मी ऐन मे महिन्यात मिरजेहून बसने दादरला उतरले. परळच्या एका मॉलमध्ये राग्ना नावाच्या नॉर्वेच्या बाईंच्या स्मरणार्थ बर्फावरचा सोहळा होता, आणि माझी भाची सायली त्यात घसरणार होती.

भोईवाड्यात ताईच्या घरी पोचले, तर पानात तिसऱ्या (शिंपल्या) तयार. सायली स्केटिंग शिकवते, आणि या सोहळ्यासाठी महिनाभर स्कीवरून घसरायला शिकत होती. जेवता जेवता तिने राग्नाबाईंची हकीकत सांगितली. त्यांच्या काळात स्कीवरून उड्या मारायला बायकांना बंदी होती. नाजूक देहाला हादरा सोसणार नाही, असं शहाण्या पुरुषांचं मत. एका स्पर्धेत परीक्षक कॉफी प्यायला गेले, तेव्हा राग्नाबाई स्कर्ट खोचून टेकडीवर चढल्या आणि उडी मारून सगळ्या पुरुषांच्या पुढे जाऊन टेकल्या. नोंद कुणी केली नाही. पुढे आयुष्यभर त्या गावातल्या मुलींना शिकवत राहिल्या.

संध्याकाळी मॉलमध्ये गेलो. बाहेर परळ घामाने निथळत होतं. आत संयोजक साहेब मफलर गुंडाळून फिरत होते. यंत्रातून पडणारा बर्फ भिजवलेल्या साबुदाण्यासारखा दिसत होता. राग्नाबाईंच्या फोटोला झेंडूचा हार घातलेला, आणि शेजारी त्यांची नात, साठीची उंच बाई, पाहुणी म्हणून बसलेली.

तेवढ्यात साहेबांनी कार्यक्रम बदलला. उतारावरून फक्त मुलगे येणार. मुलींनी नऊवारी नेसून पाहुणीला ओवाळायचं. बाईमाणूस पडलं तर फोटो वाईट येतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. महिनाभर गुडघे फोडून घेतलेल्या सायलीने मुकाट्याने नऊवारी नेसली. मला वाटलं, पोरगी वाकली.

ओवाळताना मात्र तिने पाहुणीच्या कानाशी लागून, मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. पाहुणीने साहेबांकडे बघून शांतपणे म्हटलं, "माझ्या आजीलाही त्या दिवशी कॉफी वाढायलाच बोलावलं होतं."

सायलीने तबक माझ्या हातात दिलं आणि ती स्की घेऊन उताराच्या वर गेली. कासोटा आयता होताच. ती सुटली, मधल्या उंचवट्यावरून हवेत गेली, नीट टेकली, आणि शेवटी साहेबांच्या हसऱ्या फोटोच्या फलकात घुसली. फलक फाटला. ती आपली आपण उठली. पाहुणीने उभं राहून टाळ्या वाजवल्या, तशी साहेबांनी माइक ओढून जाहीर केलं, की हे सरप्राइज त्यांनीच ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये पेपर उघडला. 'नारीशक्तीला बर्फाळ सलाम' या मथळ्याखाली साहेब आणि सगळे मुलगे. सायलीचा पदरसुद्धा नव्हता. राग्नाबाईंना हार मिळाला तो गेल्यानंतर. जिवंत बाईने उडी मारली की आपल्याला अजून कॉफी आठवते.

सायली रडत असेल म्हणून फोन लावला. तिकडे नुसता गलका.

"मावशी, नंतर बोलू," ती म्हणाली. "मी उताराच्या वर उभी आहे, आणि मागे उडी मारायला बायका खोळंबल्यात."