चिमणी उजव्या हाताला

मोरिवलीच्या आमच्या कारखान्यातले ते गृहस्थ दर हिवाळ्यात आमच्याबरोबर मलंगगडावर येत. मात्र माचीच्या कडेपर्यंत कधीच येत नसत. उंचावरून खाली पाहिले की त्यांना भोवळ येई. "तुम्ही बघून या, आणि मला नीट सांगा," असे म्हणून ते अलीकडेच बसत. सोमवारी कारखान्यात त्या देखाव्याचे वर्णन तेच करीत. ते वर्णन आमच्यापेक्षा सरस असे, म्हणून आम्ही मध्ये बोलत नसू.

एका रविवारी कोकणातून आलेले त्यांचे वडील बरोबर होते. आपला कारखाना डोंगरावरून दिसतो, असे मुलानेच त्यांना सांगून ठेवले होते. कडेशी पोचताच म्हातारे म्हणाले, "दाखव बघू."

गृहस्थ आले. दरीकडे पाठ करून, माझा दंड घट्ट धरून, डोळे मिटून उभे राहिले. "उजव्या हाताला चिमणी," ते म्हणाले आणि त्यांनी उजवा हात लांब केला. पाठमोरे असल्यामुळे तो भलत्याच बाजूला गेला. तिकडे नुसते रान होते.

दुसऱ्याची चूक सुधारण्याची मला वाईट खोड आहे. मी तोंड उघडले. म्हाताऱ्यांनी मुलाच्या मिटल्या डोळ्यांकडे पाहिले, मग मला हातानेच थांबवले.

"दिसली रे," ते रानाकडे बघत म्हणाले. "केवढा धूर येतोय."

रविवारी कारखाना बंद असे, हे गृहस्थांना माझ्याइतकेच ठाऊक होते.

"हो बाबा," ते डोळे न उघडता म्हणाले, "धूर फार असतो."