कालवडीच्या मागं आलेला ट्रॅक्टर

देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण त्याच्यावर काही सोपवायची मला सवय नव्हती. सगळं आयुष्य शाळेत गणित शिकवण्यात गेलं. जे करायचं ते आपणच नीट आखून करायचं, हा स्वभाव. ह्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यावर तर मी जास्तच काटेकोर झाले. आमचं कुलदैवत नीरा नरसिंहपूरचा नृसिंह. त्याचं नाव ह्यांनी घ्यायचं आणि मी ह्यांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळायच्या, अशी घरात वाटणीच झाली होती.

निवृत्तीनंतर आम्ही एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचं फिरतं घर करून घेतलं. आत झोपायची सोय, शेगडी, छोटा फ्रीज. ह्यांना गाडी चालवायची मनाई, म्हणून त्या वयात मी चालवायला शिकले. गेल्या उन्हाळ्यात अशी फिरती घरं असलेल्या लोकांचा मेळावा अंथुर्ण्याजवळ, ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात भरला. बारामतीहून आम्हाला तो जवळच. "तिथूनच पुढं नरसिंहपूरला जाऊ," हे म्हणाले. हवामानाचा अंदाज वादळ दाखवत होता. पण वळीव यायचा तसा येईल आणि जाईल, असं सगळ्यांनीच धरलं.

दुपार कलताना आभाळ काळंनिळं झालं. गाड्यांना जोडलेले कापडी मांडव धडाधड उडाले. खुर्च्या, चहाची पातेली, मेळाव्याचा फलक, सगळं शेजारच्या उसात जाऊन पडलं. मग गारा सुरू झाल्या. मी घाईघाईनं खिडक्या लावत होते, तेवढ्यात हे शांतपणे म्हणाले, "अगं, छातीत जड वाटतंय." वळून पाहिलं तर कपाळ घामानं थबथबलेलं.

डॉक्टरांनी सांगून ठेवलेली गोळी जिभेखाली दिली. फोन लावला. रुग्णवाहिका निघते म्हणाले, पण ती डांबरी रस्त्यापर्यंतच येऊ शकणार होती. रस्ता आणि आमच्यामध्ये लांबलचक पाणंद, आणि तिचा निव्वळ चिखल झालेला. मी गाडी सुरू केली. मागची चाकं काळ्या मातीत गरगर फिरली आणि रुतली. बाकीचे धावत आले, भिजत ढकलू लागले. गाडी हलली नाही. एकाने आपली गाडी काढून पाहिली, तीही अडकली. उचलून न्यायचं तर गारांच्या माऱ्यात, पाय घसरत, एवढं अंतर कसं कापणार?

मी आत येऊन ह्यांच्याजवळ बसले. औषधं, नाडी मोजायचं यंत्र, दवाखान्याचे कागद, सगळं हाताशी होतं आणि त्यातलं आता काहीच कामाचं नव्हतं. ह्यांनी माझा हात धरला होता. मला स्तोत्र येत नव्हतं. "नरसिंहा, माझ्याच्यानं आता होत न्हाय. तूच बघ," एवढंच मी म्हणाले. माझ्या आईसारखं 'न्हाय' तोंडातून आलं, ते अजून आठवतं.

किती वेळ गेला कोण जाणे. ट्रॅक्टरचा आवाज आला. डोक्यावर पोतं पांघरलेले एक म्हातारे गृहस्थ ओरडत होते, "ओ, हिकडं कालवड आली का वो? दावं तोडून पळाली!" तिला घालून न्यायला त्यांनी ट्रॉली जोडून आणली होती.

कुणीतरी त्यांना आमची अडचण सांगितली. त्यांनी एकदा आत डोकावून ह्यांच्याकडं पाहिलं.

"आबा, तुमची कालवड?" मी विचारलं.

"तिला चार पाय हायती, ताई. गादी काढा आधी."

ट्रॉलीत गादी टाकली, ह्यांना निजवलं, आणि मेळाव्यातल्या चौघांनी फाटक्या मांडवाचं कापड आमच्यावर धरलं. आबा सावकाश, खड्डे चुकवत निघाले. मध्येच मागं वळून म्हणायचे, "दादा, बोलत ऱ्हावा. ताई, त्यांला बोलतं ठेवा." रस्त्यावर रुग्णवाहिका उभी होती. मी धड आभारही मानले नाहीत. दार लावताना आबांनी नुसता हात वर केला.

बारामतीत उपचार वेळेवर मिळाले. अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

हे हिंडूफिरू लागल्यावर आम्ही विचारत विचारत आबांच्या वस्तीवर गेलो. कालवड सापडली होती. वादळ सरल्यावर ओढ्याच्या कडेला चरत होती म्हणे. मी पाया पडू लागले तर आबा मागं सरकले.

"मी कुठं तुमच्यासाठी आलो हुतो, ताई? मी हिला हुडकत हुतो."

ते खरंच होतं. ते आमच्यासाठी आले नव्हते. पण आमच्यापाशी आल्यावर त्यांनी स्वतःचं हुडकणं सोडून दिलं. कालवड नेमकी तेव्हाच का सुटली, याची फोड मी करत बसत नाही. गोळ्यांच्या वेळा अजूनही मीच सांभाळते, गाडीही मीच चालवते. फक्त जिथं माझे हात पुरत नाहीत, तिथं आता ते जोडते, आणि जोडलेल्या हातांनी वाट बघायला मला भीती वाटत नाही.

निघताना आबांच्या घरच्यांनी आम्हाला चहा दिला. ह्यांनी बशीत ओतून, फुंकर घालून, सगळा प्यायला. मी ह्यांच्याकडं नुसती बघत बसले.